लीगबाहेरचं इंग्लंड

शेफील्ड शहर पश्चिमेकडे टेकडीवर चढत जातं, तिथे क्रॉसपूल नावाचं उपनगर आहे. तिथल्या सँडीगेट रस्त्यावर हॅलम फुटबॉल क्लबचं मैदान आहे. आत शिरल्यावर पहिलं काय जाणवतं, तर ते सपाट नाही. चांगलंच उतरतं आहे. वरून मारलेला पास अंदाजापेक्षा लवकर पोचतो आणि खालून मारलेला वाटेतच दमतो. पाहुण्या संघाचा विंगर सुरुवातीची दहा मिनिटं हे गणित जुळवण्यात घालवतो आणि तोवर यजमानांनी काहीतरी उद्योग केलेला असतो. मैदान समतल का करत नाहीत, असं मी कठड्याला टेकून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं. उत्तर न देता त्यानं चहाचा पेला तोंडाला लावला.

या जागेवर १८०४ पासून क्रिकेट आणि १८६० पासून फुटबॉल खेळलं जातंय. गिनीजच्या नोंदीप्रमाणे हे जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान. मधली काही वर्षं क्लबला बाहेर काढावी लागली, पण तो परत आला आणि आजही इथेच खेळतो. एवढ्या मोठ्या वारशाच्या जागी म्युझियम असेल, ऑडिओ गाइड असेल, भेटवस्तूंचं दुकान असेल असं आपल्याला वाटतं. इथे एक फिरतं लोखंडी फाटक आहे, चहाची टपरी आहे, एका बाजूला छोटा स्टँड आहे आणि सोडतीची तिकिटं विकणारी एक बाई आहे. सोडतीत मांसाचा हंपर मिळतो. मला मिळाला नाही, हे माझ्या शाकाहारी यजमानांच्या दृष्टीनं बरंच झालं.

आपल्याकडे शनिवार-रविवारी रात्री जे इंग्लिश फुटबॉल टीव्हीवर दिसतं, ते या देशातल्या खेळाचं फक्त शेंड्याचं टोक. प्रीमियर लीगचे २० आणि तिच्याखालच्या तीन विभागांचे ७२, असे ९२ क्लब म्हणजे ‘लीग’. त्याखालचं सगळं नॉन-लीग. त्यातही पायऱ्या आहेत: वर नॅशनल लीग, तिच्याखाली तिचेच उत्तर आणि दक्षिण विभाग, मग नॉर्दर्न प्रीमियर, सदर्न, इस्थमियन अशा प्रादेशिक लीग, आणि तिथून खाली उतरत उतरत थेट गावच्या सार्वजनिक बागेत जाळी बांधून खेळणाऱ्या संघांपर्यंत. कागदावर प्रत्येकाला वर चढण्याची वाट मोकळी आहे. मात्र लीगचा दरवाजा आपोआप उघडायला १९८७ साल उजाडावं लागलं. त्याआधी वरचे क्लब मतदान करून ठरवायचे की खालच्या कुणाला आत घ्यायचं, आणि बहुतेक वेळा ते आपल्याच जुन्या सोबत्यांना मत द्यायचे.

मी मूळचा कोल्हापूरचा. फुटबॉल म्हणजे पेठेची तालीम, हे आमच्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं कुस्तीच्या आखाड्यांची, आणि शाहू स्टेडियमवर त्याच नावांनी अकरा जण फुटबॉल खेळतात. शेफील्डचंही असंच झालं, हे वाचलं तेव्हाच इथे यायचं ठरवलं. तिथे आखाड्याच्या जागी क्रिकेट क्लब होते. हिवाळ्यात क्रिकेट बंद, अंग जड होतं, म्हणून काहीतरी धावपळीचा खेळ हवा, अशा साध्या गरजेतून शेफील्ड एफसी निघाला, आज टिकून असलेल्यांपैकी जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब.

तो निघाला २४ ऑक्टोबर १८५७ रोजी. नथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट हे त्याचे संस्थापक. क्रेसविक वकील, चांदीच्या मुलाम्याची भांडी बनवणाऱ्या घराण्यातला. प्रेस्टचा वाइनचा व्यापार. दोघंही क्रिकेटवाले. पहिली कचेरी एका परिचिताच्या बागेतल्या काचघरात होती. तेव्हा फुटबॉल खेळलं जायचं ते बोर्डिंग शाळांमध्ये, आणि प्रत्येक शाळेचे नियम वेगळे: कुठे चेंडू हातात घेऊन पळायचं, कुठे समोरच्याच्या नडगीवर लाथ मारणं रीतसर मान्य. क्रेसविक-प्रेस्टनी या नियमांचा अभ्यास करून १८५८ साली स्वतःचे नियम तयार केले. लाथ मारणं, पाय अडकवणं बंद. ऑफसाइड नाहीच. लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली ती त्यानंतर पाच वर्षांनी, १८६३ मध्ये.

पुढची काही वर्षं देशात दोन फुटबॉल नांदत होती, एक लंडनचं आणि एक शेफील्डचं. १८६६ च्या मार्चमध्ये शेफील्डचे लोक लंडनला बॅटरसी पार्कात खेळायला गेले आणि उडालेला चेंडू त्यांनी डोक्यानं मारला, तेव्हा लंडनकर हसले म्हणे. सामना लंडननं जिंकला. हेडिंग मात्र शेफील्डचं टिकलं. कॉर्नर किकही शेफील्डकडून आली. १८७७ मध्ये शेफील्डनं आपले नियम सोडून असोसिएशनचे स्वीकारले, पण तोवर असोसिएशनच्या नियमांत बरंच शेफील्ड मिसळलेलं होतं. आजचा खेळ लंडनच्या एका खानावळीत जन्मला असं सांगणारी पुस्तकं मला म्हणूनच अर्धवट वाटतात.

क्लब निघाला खरा, पण खेळायचं कुणाशी? सुरुवातीची तीन वर्षं शेफील्डचे सभासद आपसांतच खेळले: लग्न झालेले विरुद्ध अविवाहित, असे सामने. १८६० साली हॅलमच्या क्रिकेटवाल्यांनी आपला क्लब काढला आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सँडीगेटवर बर्फात जगातला पहिला आंतरक्लब सामना झाला. शेफील्डनं तो २-० असा जिंकला. हॅलमच्या संघाला आजही ‘कंट्रीमेन’ म्हणतात, म्हणजे गावाकडचे. तेव्हा क्रॉसपूल खरोखरच गावाबाहेर होतं. दोन वर्षांनी लँकेशायरच्या बेकार गिरणी कामगारांसाठी मदत गोळा करायला याच दोन संघांचा सामना शेफील्डच्या ब्रामल लेन मैदानावर ठरला. तो गोलशून्य राहिला, पण मध्येच मारामारी जुंपली आणि त्यात खुद्द क्रेसविक सापडला. धर्मादाय सामना इतिहासात नोंदला गेला तो हाणामारीसाठी.

सर्वांत जुन्या क्लबचं आजचं मैदान पाहायला शेफील्डच्या बाहेर पडावं लागतं, हे मला विचित्र वाटलं. शेफील्ड एफसी खेळतो तो ड्रॉनफील्डमध्ये, शेजारच्या डर्बीशर परगण्यात. शेफील्डहून चेस्टरफील्डकडे जाणारी गाडी दहा-बारा मिनिटांत तिथे सोडते. बसनं गेलात तर मुख्य रस्त्याला लागून ‘कोच अँड हॉर्सेस’ हा पब दिसतो आणि त्याच्या पाठीमागे मैदान. प्रेक्षक पबमधून थेट मैदानाच्या कडेला येतात, ग्लास हातात घेऊनच. वरच्या पाच पायऱ्यांवर हे चालत नाही. १९८५ च्या कायद्यानं तिथे मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला बंदी आहे. त्याखाली मुभा. इथल्या मंडळींना विचाराल तर नॉन-लीगची अर्धी लोकप्रियता त्या कायद्यानं दिलेली आहे.

या क्लबला फिफानं २००४ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ दिलं. क्लबांपैकी त्याच्याखेरीज हा मान मिळाला आहे तो रेआल माद्रिदला. २००७ मध्ये दीडशे वर्षं झाली तेव्हा इंटर मिलान ब्रामल लेनवर खेळायला आला, पेले पाहुणा म्हणून हजर होता आणि शेफील्ड ५-२ असा हरला. बाकी दिवशी समोर काही शे माणसं. दीडशे वर्षांतला बहुतेक काळ या क्लबला स्वतःचं मैदान नव्हतं. आज या मैदानावर, उद्या त्या. मधल्या काळात तर शर्यतीच्या ट्रॅकने वेढलेल्या मोठ्या स्टेडियममध्येही बिऱ्हाड होतं. स्वतःची जागा मिळाली ती २००१ मध्ये, ड्रॉनफील्डला. शहरात परत जायचे बेत गेली बरीच वर्षं चालू आहेत.

आणि मग २०११. त्या वर्षी क्लबनं आपली जुनी कागदपत्रं सदबीजच्या लिलावात काढली. त्यात १८५८ च्या नियमांचा हस्तलिखित मसुदा होता. बोली ८,८१,२५० पौंडांवर थांबली. कारण सरळ होतं. सुविधा उभ्या करायला पैसा हवा आणि तिकिटांतून तो येत नाही. मला सुरुवातीला हे ऐकून राग आला. घरातली सनद विकली की! पण पावसात त्या मैदानाच्या कडेला उभं राहिल्यावर, डबक्यातलं पाणी फावड्यानं बाहेर काढणारे पांढऱ्या केसांचे स्वयंसेवक पाहिल्यावर, राग टिकला नाही. कागद बँकेच्या लॉकरमध्ये सुरक्षित राहिला असता आणि संघ मोडला असता, तर तो कागद कुणाचा म्हणायचा?

हॅलमची वस्तू मात्र उलट दिशेनं फिरली. १८६७ मध्ये थॉमस यूडन नावाच्या शेफील्डच्या नाट्यगृहमालकानं एक चषक ठेवला. एफए कप सुरू व्हायला अजून चार वर्षं होती, त्यामुळे यूडन कप ही जगातली पहिली फुटबॉल स्पर्धा ठरते. १२ संघ उतरले, अंतिम सामना ब्रामल लेनवर झाला, ३,००० लोक आले आणि हॅलमनं नॉरफोक संघाला हरवलं. पुढे हा चांदीचा चषक कुठेतरी गहाळ झाला. शंभराहून अधिक वर्षं त्याचा पत्ता नव्हता. १९९० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडे तो निघाला. क्लबनं तो दीड-दोन हजार पौंडांत परत घेतला. नंतर बीबीसीच्या ‘अँटीक्स रोडशो’ कार्यक्रमात तज्ज्ञांनी त्याची किंमत एक लाख पौंड सांगितली.

चषक हरवण्याच्या गोष्टीत मात्र वेस्ट ऑकलंडची बरोबरी कुणी करणार नाही. ती ऐकायला उत्तरेला जावं लागतं, डरहम परगण्यात. डार्लिंग्टनला गाडी बदलायची आणि बिशप ऑकलंडच्या फाट्यावरच्या छोट्या गाडीत बसायचं. वाटेत शिल्डन लागतं. १८२५ मध्ये स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेची पहिली वाफेची गाडी निघाली ती इथूनच. एकेकाळी हा सगळा मुलूख कोळशावर जगायचा. आता खाणी बंद आहेत, गावं तशीच आहेत: विटांच्या घरांच्या रांगा, एक चर्च, एक कामगार क्लब, एक मैदान.

बिशप ऑकलंडहून वेस्ट ऑकलंड पाचेक किलोमीटर. बस सोडते ती गावच्या लांबलचक हिरवळीपाशी. याच हिरवळीवर १९०९ आणि १९११ च्या संघाचं स्मारकशिल्प आहे. गोष्ट अशी. लिप्टन चहाचे सर थॉमस लिप्टन यांनी इटलीत तुरिनला आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी चषक ठेवला. जर्मनी, स्वित्झर्लंड, इटलीचे संघ ठरले. इंग्लंडच्या असोसिएशननं संघ पाठवायला नकार दिला. मग बोलावणं गेलं ते या खाणकामगारांच्या हौशी संघाला. का, याची गावात एक लाडकी दंतकथा आहे. लिप्टनच्या माणसांना ‘डब्ल्यू. ए.’ म्हणजे वुलविच आर्सेनल हवं होतं आणि पत्र चुकून वेस्ट ऑकलंडला गेलं! इतिहासकार या कथेला हात लावत नाहीत, गावकरी सोडत नाहीत. जाण्याचा खर्च खेळाडूंनी स्वतः केला, काहींनी घरातलं सामान विकलं असं सांगतात. १९०९ मध्ये त्यांनी अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडच्या विंटरथूरला २-० हरवलं. १९११ मध्ये विजेतेपद राखायला परत गेले आणि युव्हेंटसला ६-१ असं धुतलं. दोनदा जिंकल्यामुळे चषक कायमचा त्यांचा झाला.

घरी आल्यावर मात्र क्लब कर्जात बुडालेला. प्रवासाचे पैसे कुठून भागवायचे? गावातल्या हॉटेलच्या मालकीणबाईंकडे ४० पौंडांसाठी चषक तारण गेला, तो गेलाच. १९६० मध्ये गावकऱ्यांनी वर्गणी काढून १०० पौंडांना तो सोडवून आणला. कामगार क्लबात काचेच्या कपाटात ठेवला. जानेवारी १९९४ मध्ये चोरांनी तो पळवला आणि आजतागायत सापडलेला नाही. आता तिथे आहे ती प्रतिकृती. गावकरी त्याला सरळ ‘पहिला वर्ल्ड कप’ म्हणतात. फिफाचा पहिला वर्ल्ड कप १९३० चा, म्हणजे त्यांच्या हिशेबानं एकवीस वर्षं उशिराचा. १९८२ मध्ये या कथेवर टीव्हीसाठी चित्रपटही निघाला. क्लब अजून नॉर्दर्न लीगमध्ये खेळतो. १८८९ ची ही लीग, जगातली दुसरी सर्वांत जुनी. २०१२ आणि २०१४ मध्ये छोट्या क्लबांच्या एफए वाझ स्पर्धेत वेस्ट ऑकलंडनं वेम्बलीवर अंतिम सामना गाठला. दोन्ही हरला.

शेजारच्या बिशप ऑकलंडची गोष्ट श्रीमंतीची. निदान कपांच्या हिशेबात. हौशी खेळाडूंसाठी १८९३ ते १९७४ अशी एफए अमॅच्युअर कप नावाची स्पर्धा चालायची. बिशप ऑकलंडनं ती १० वेळा जिंकली. इतकी कुणीच जिंकली नाही. १९५४ मध्ये शेजारच्याच क्रुक टाउनशी अंतिम सामना झाला तेव्हा वेम्बलीत एक लाख माणसं होती. दोन छोट्या कोळसागावांचा सामना! तो बरोबरीत सुटला, दुसराही सुटला, तिसऱ्यांदा क्रुक १-० जिंकला. हौशी म्हणजे बिनपैशाचे, हे कागदावर. प्रत्यक्षात सामना संपला की बुटात घडी केलेल्या नोटा सापडायच्या आणि कुणी काही विचारायचं नाही. १९७४ मध्ये असोसिएशननं हौशी-व्यावसायिक हा भेदच काढून टाकला, त्यामागे या उघड गुपिताचा कंटाळाही होता.

या क्लबचं सर्वांत मोठं काम कपाटात दिसत नाही. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकला विमान कोसळून मँचेस्टर युनायटेडचा संघ उद्ध्वस्त झाला, तेव्हा राखीव संघ उभा करायला बिशप ऑकलंडनं डेरेक ल्यूइन, बॉब हार्डिस्टी आणि वॉरन ब्रॅडली हे आपले तीन खेळाडू दिले. ब्रॅडली पेशानं शिक्षक. तो पुढच्याच वर्षी युनायटेडच्या मुख्य संघातून खेळता खेळता इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातही पोचला. क्लब मात्र क्रिकेट क्लबबरोबर वाटून घेतलेलं गावच्या मध्यातलं किंग्जवे मैदान सोडून बरीच वर्षं इतरांच्या दारात भाड्यानं खेळत राहिला. नवं मैदान मिळालं २०१० मध्ये, गावाच्या कडेला. नीटनेटकं आहे. मला तिथे करमलं नाही.

लंडनला परतलो तेव्हा मनात एकच प्रश्न घोळत होता: मैदान कुणाचं? दक्षिण लंडनमध्ये ईस्ट डलिच स्टेशनवर उतरलात की पाच मिनिटांत चॅम्पियन हिल येतं. डलिच हॅम्लेटचं घर. १८९३ चा क्लब, गुलाबी आणि निळा पोशाख, अमॅच्युअर कप चार वेळा. १९३३ मध्ये इथे २०,७४४ माणसं अमॅच्युअर कपचा अंतिम सामना पाहायला आली होती. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियानं मेक्सिकोला ५-३ हरवलं तेही इथेच. ते जुनं भव्य मैदान आता नाही. तिथली बरीच जागा सुपरमार्केटला गेली आणि बाजूला लहान मैदान बांधलं गेलं. रस्त्याला नाव आहे एडगर केल वे. केल दारूच्या कंपनीत विक्रेता होता, व्यावसायिक क्लबांना आयुष्यभर नाही म्हणत राहिला, डलिचसाठी चारशेहून जास्त गोल केले आणि १९२९ मध्ये इंग्लंडकडून खेळला. त्याच्या नावाचं गाणं आज इथली वीस वर्षांची पोरं म्हणतात. मध्यंतराला सगळा जमाव ढोल-झेंडे उचलून मैदानाला वळसा घालतो आणि दुसऱ्या गोलमागे जाऊन उभा राहतो, कारण आपला संघ आता तिकडे हल्ला करणार असतो.

२०१८ मध्ये या क्लबाला आपल्याच मैदानातून बाहेर काढण्यात आलं. जमीन एका विकसकाच्या हातात गेलेली, घरबांधणीच्या परवानगीवरून वाद. कळस म्हणजे क्लबचं नावसुद्धा ट्रेडमार्क म्हणून दुसऱ्याच कंपनीच्या नावावर नोंदवलं गेलं होतं आणि ते वापरू नका असं क्लबालाच कळवण्यात आलं. समर्थक, नगरपालिका, खासदार सगळे उभे राहिले. संघ टूटिंगच्या मैदानावर उपऱ्यासारखा खेळला, त्याही हंगामात बढती मिळवली आणि डिसेंबरमध्ये चॅम्पियन हिलला परतला. सगळ्यांच्या नशिबात हे नसतं.

कुणाच्या नशिबात नव्हतं, ते पाहायला पूर्व लंडनला जावं लागतं. इलफर्डला उतरल्यावर भारतातल्या कुठल्याही मोठ्या बाजारात आल्यासारखं वाटतं. साड्यांची दुकानं, मिठाई, सोनं. ३१ जुलै १९४८ रोजी स्वतंत्र भारत ऑलिंपिकमधला पहिला फुटबॉल सामना खेळला तो या गावात, फ्रान्सविरुद्ध. कप्तान नागा तरुण तालिमेरेन आओ, बहुतेक खेळाडू अनवाणी. दोन पेनल्टी वाया गेल्या, सारंगपाणी रामननं एक गोल केला आणि शेवटच्या मिनिटांत फ्रान्सनं २-१ असा सामना नेला. मिठाईच्या दुकानातल्या तरुणाला मी हे सांगितलं. तो आर्सेनलचा चाहता निघाला. त्यानं पेढा फुकट दिला, पण विश्वास ठेवला नाही.

इलफर्ड क्लब हा इस्थमियन लीगच्या १९०५ च्या संस्थापकांपैकी. १९२९ आणि १९३० चा अमॅच्युअर कप त्याचा, १९७४ चा शेवटचा अंतिम सामनाही तोच खेळला आणि हरला. नंतर लिन रोडचं मैदान गेलं, त्यावर घरं झाली. मग १९७९ मध्ये शेजारच्या लेटनस्टोनशी विलीनीकरण. तो अमॅच्युअर कपचा तीन वेळचा विजेता, पण त्याचंही मैदान घरांखाली गेलं. १९८८ मध्ये वॉल्थमस्टो अव्हेन्यू त्यांत मिसळला. या क्लबनं १९५३ मध्ये एफए कपमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला १-१ असं रोखलं होतं. त्याचंही मैदान विकलेलं. एका जागी तीन क्लब कोंबले, नाव ठेवलं रेडब्रिज फॉरेस्ट. १९९२ मध्ये तेही डॅगनममध्ये विरघळलं आणि डॅगनम अँड रेडब्रिज जन्मला. हा क्लब २००७ मध्ये थेट लीगमध्ये चढला आणि २०१६ मध्ये खाली आला. म्हणजे यश मिळालं. पण चार गावांचे कप एका कपाटात आले आणि तीन गावांतली शनिवारी दुपारी जायची जुनी मैदानं गेली. माझ्या मते हा तोट्याचाच सौदा. क्लब चालवणाऱ्यांना दोष देता येत नाही. दिवाळखोरी आणि विलीनीकरण यांतून त्यांना निवड करायची होती.

हे क्लब जगतात कशावर? गेटवरचे पैसे, बारचा गल्ला, स्थानिक प्लंबरच्या आणि गॅरेजच्या जाहिराती, आणि एफए कपची लॉटरी. पात्रता फेऱ्या ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि शेकडो नॉन-लीग क्लब त्यांत उतरतात. एखाद्याला कधीतरी मोठा मासा लागतो. जानेवारी २०२१ मध्ये आठव्या पायरीवरच्या मरीन क्लबच्या मैदानात टॉटनम आला. कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी होती, म्हणून क्लबनं न बघता येणाऱ्या सामन्याची ‘आभासी’ तिकिटं विकली, आणि ती तीस हजारांवर गेली. सामना ०-५ असा हरले, पण काही वर्षांचा खर्च निघाला. आणखी एक आधार नियमाचा. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये कुठलाही फुटबॉल सामना थेट दाखवता येत नाही, म्हणजे लोक घरी न बसता जवळच्या मैदानावर जावेत. तीन वाजताचा प्रीमियर लीगचा सामना आपण पुण्यात सोफ्यावर बसून पाहतो, तो मँचेस्टरच्या माणसाला स्वतःच्या घरात दिसत नाही!

मुलाबाळांकडे इंग्लंडला जाणारी मराठी मंडळी आता पुष्कळ आहेत. ऑगस्ट ते एप्रिल या काळात तिथे असाल तर एक शनिवार दुपार मोकळी ठेवा. राहता त्या गावचं नाव घेऊन विचारा, क्लब सापडतोच. तिकीट साधारण दहा-बारा पौंडांच्या आसपास, आधी काढायची गरज नाही, काही ठिकाणी रोख पैसे लागतात. छत्री नको, टोपी आणि गरम जाकीट न्या, कारण बहुतेक ठिकाणी उभं राहून पाहायचं असतं. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी मोठ्या लीग थांबतात तेव्हा कधीतरी ‘नॉन-लीग डे’ असतो. त्या दिवशी बरेच क्लब तिकिटात सवलत देतात. आणि सामना संपल्यावर लगेच निघू नका. क्लबहाउसात भिंतीवरचे फोटो पुसणारं एखादं वयस्कर माणूस असतंच. त्याला एवढंच विचारा की मैदान कुणाच्या मालकीचं आहे. उत्तर ऐकायला तासभर हाताशी ठेवा.